हमारा लाडका गुम हो गया है

पप्पा फौजेतून निवृत्त झाले आणि कुत्रा माझ्या वाट्याला आला. आई-पप्पा साताऱ्याकडच्या आमच्या गावी कायमचे जाणार होते. दिल्ली कॅन्टोन्मेंटमधलं क्वार्टर पंधरा दिवसांत रिकामं करून द्यायचं होतं. रेल्वेतून कुत्रा न्यायची भानगड पप्पांना नको होती.

"तुझी नोकरी आहे, फ्लॅट आहे. तू सांभाळ," ते म्हणाले.

फ्लॅट म्हणजे फरीदाबादमध्ये चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. पण पप्पा 'फ्लॅट' म्हणाले की बरं वाटायचं, म्हणून मी कधी दुरुस्त केलं नाही.

कुत्रा गावठी, बदामी रंगाचा, डावा कान अर्धा तुटलेला. चार वर्षांपूर्वी क्वार्टरच्या मागच्या नाल्यात पिल्लू सापडलं होतं. त्याला नाव ठेवायचं राहूनच गेलं. आई 'लाडक्या' म्हणायची, मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. सामानाच्या टेम्पोतून त्याला फरीदाबादला आणलं तेव्हा तो सगळा रस्ता थरथरत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅस सिलिंडरवाला आला, मी पासबुक शोधायला आत गेले, दार उघडं राहिलं. परत आले तर जिन्यात फक्त सिलिंडरवाला.

मी दिवसभर गल्ल्या पालथ्या घातल्या. संध्याकाळी आईला फोन केला. पप्पांनी तिच्या हातून फोन घेतला.

"दार उघडं टाकलंस?"

"हो."

"ग्रॅज्युएट ना गं तू?"

हे मला लागलं. आमच्या दोन्ही घराण्यांतली मी पहिली ग्रॅज्युएट. पप्पा दहावी, आई सातवी. मी बी.ए. झाले त्या दिवशी पप्पांनी अख्ख्या युनिटला पेढे वाटले होते. कॅन्टोन्मेंटमधल्या मराठी बायकांचे हिंदी अर्ज कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मीच लिहून द्यायचे: गॅसचे, शाळेचे, नळाच्या तक्रारीचे. माझ्या हिंदीचा मला अभिमान होता, आणि आजही आहे, एवढं सगळं होऊनसुद्धा.

त्याच अभिमानात मी मोठ्या अक्षरांत पोस्टर लिहिलं: 'हमारा लाडका गुम हो गया है. रंग बादामी. बायाँ कान आधा. डरा हुआ है, काटता नहीं. बिस्किट देने पर आ जाता है.' वर फोटो, खाली माझा नंबर. पन्नास झेरॉक्स काढल्या. झेरॉक्समध्ये फोटोचा काळा डाग झाला, पण शब्द ठळक होते. मेट्रो स्टेशनपासून बदरपूर बॉर्डरपर्यंत जिथे जागा दिसली तिथे चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी पहिला फोन आला. आवाज वयस्कर बाईचा.

"बेटी, आपका लड़का कितने साल का है?"

"चार साल का."

"हाय राम! अकेला निकल गया?"

"हाँ आंटी, दरवाज़ा खुला रह गया था."

"पहना क्या था उसने?"

"कुछ नहीं. गले में पट्टा है, बस."

पलीकडचा आवाज चढला. "शरम नहीं आती? चार साल के बच्चे के गले में पट्टा?"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. हिंदीत 'लाडला' म्हणतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण हात घाईत होता आणि हातातून घरचा शब्द उतरला. वाचणाऱ्यांना वाटलं, कुणा अडाण्याला 'लड़का'सुद्धा लिहिता येत नाही. मी आंटींना सांगितलं, की लड़का नाही, कुत्रा आहे. त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. मग म्हणाल्या, "लड़का ही समझो. मैं ग्रुप में डालती हूँ."

त्यांनी भजनमंडळाच्या ग्रुपमध्ये पोस्टरचा फोटो टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला, देव जाणे. बरोबर हिंदीत लिहिलेलं पोस्टर कुणी पुढे पाठवलं नसतं. हे 'काटता नहीं'वालं लोकांनी पोट धरून हसत पाठवलं. तिसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसमधल्या एका मॅडमनी तेच मला दाखवलं. "देख यार, इनका लड़का बिस्किट देने पर आ जाता है!" मी म्हटलं, नंबर बघा. त्यांनी नंबर बघितला आणि गुपचूप चहा आणून दिला.

फोनला खंड नव्हता. कुणी म्हणायचा, "आपका लड़का हमारे दफ़्तर में बैठा है, काम-धाम कुछ नहीं करता, ले जाओ." मी ऐकून घ्यायचे. कारण दहा थट्टेखोरांमागे एखादा खरा माणूस असायचा. बदरपूर बॉर्डरजवळच्या पंक्चरवाल्यानं कुत्रा पाहिला होता, पोळी खाऊन गेला म्हणाला. दोन दिवसांनी तुघलकाबादकडून फोन आला, मग साकेतच्या बाजूनं. अर्धा कान सगळ्यांनी सांगितला. पाय लंगडतोय, हे साकेतवाल्यानं नव्यानं सांगितलं.

लंच टाइममध्ये मी मोबाईलच्या नकाशावर एकेक ठिकाण लावलं आणि तशीच बसून राहिले. कुत्रा भटकत नव्हता. तो कॅन्टोन्मेंटकडे चालला होता. टेम्पोतून एकदाच पाहिलेला तो रस्ता आता लंगडत, वाहनांच्या बाजूबाजूनं कापत होता.

मग तारखा आठवल्या. शुक्रवारी क्वार्टर ताब्यात द्यायचं होतं, शनिवारी आई-पप्पांची गाडी. सोमवारी तिथे नवीन कुटुंब येणार. तो पोहोचला आणि दार अनोळखी माणसानं उघडलं तर? काठी उगारून हाकलतील. मग तो कुठे जाईल?

मी पप्पांना सांगितलं.

"पप्पा, तिकीट पुढे ढकलता येईल?"

"तिकीट ढकलता येईल. क्वार्टरची तारीख नाही ढकलता येत." मग म्हणाले, "येतोय ना तो? मग येऊ दे. गेटवरच्या पोरांना सांगून ठेवतो."

"तुमचं त्याच्यावर प्रेम होतं होय?" मी चिडवलं.

"बावळटपणा करू नकोस. ऑफिस कर."

बुधवार, गुरुवार कुणाचाच फोन आला नाही. थट्टेचासुद्धा नाही. आई रोज विचारायची, "आज काय गं?" आणि मी म्हणायचे, "आज अजून काही नाही." 'अजून' या शब्दावर आम्ही दोघींनी ते दोन दिवस काढले.

शुक्रवारी सकाळी दहाला मुनिरकामधून एका चहावाल्याचा फोन आला. "मैडम, वो लड़का बस स्टॉप के नीचे बैठा है. बुलाता हूँ तो सरक जाता है."

"बुलाओ मत भैया, बस देखते रहो. मैं आ रही हूँ."

साहेबांकडे अर्धी रजा मागितली. कारण विचारलं तर खरं सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, वही वाला?" आणि सही केली.

तो बाकाखाली होता. बरगड्या मोजता येतील इतका रोड, पुढचा एक पंजा सुजलेला. मी जमिनीवर बसले. "लाडक्या, ये रे." कान आणि अर्धा कान, दोन्ही उभे राहिले. हळूच आला, माझा हात हुंगला, शेपटी दोनदा हलवली. मला वाटलं आता मांडीवर चढेल. पण तो वळून चालायला लागला.

रिक्षा थांबवली तर तो लांब पळाला. टेम्पोची भीती अजून अंगात होती. शेवटी चपला हातात घेऊन मी त्याच्यामागे निघाले, कारण नव्या चपलेनं पाय सोलला होता आणि कुत्रा कुणासाठी थांबत नव्हता. तास-दीड तास आम्ही दोघं लंगडत चाललो. पट्ट्याला मी हात लावला नाही. प्रत्येक वळण त्यानं घेतलं आणि एकही चुकलं नाही. गेटवरचा जवान आम्हाला बघून नुसताच बाजूला झाला.

क्वार्टरचं दार सताड उघडं होतं. आत ताबा घेणारा क्लार्क हातात यादी घेऊन पंखे, नळ, बल्ब तपासत होता आणि पप्पा त्याच्या शेजारी ताठ उभे होते. कुत्रा दोघांच्या मधून सरळ आत गेला.

"ये क्या है?" क्लार्क म्हणाला.

"एक मिनट, साहब," पप्पा म्हणाले. तपासणी चालू असताना पप्पांनी कुणाला थांबवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

रिकाम्या खोल्या हुंगत तो मागच्या ओट्यावर गेला. तिथल्या कोपऱ्यात त्याचं ॲल्युमिनियमचं पातेलं असायचं. आता तिथे काहीच नव्हतं. त्यानं कोपऱ्याकडे बघितलं, मग मागून आलेल्या आईकडे. आई तिथेच खाली बसली आणि त्याचं तोंड पदरात घेऊन बोलायला लागली. काय बोलत होती ते मला कळलं नाही, पण त्याला कळत असावं, कारण तो हलला नाही.

"पाणी कशात देऊ आता?" आईनं डोळे पुसत विचारलं. "सगळं बांधून झालंय."

"दोन नंबरच्या पेटीत आहे," पप्पा म्हणाले. सुतळीनं आवळून, कुलूप लावून ठेवलेली ती पेटी त्यांनी स्वतः उघडली आणि तळातून पातेलं काढलं. क्लार्क यादी बगलेत मारून निमूट उभा होता.

कुत्रा पाणी प्यायला. खूप वेळ प्यायला.

"आता याला परत फरीदाबादला कसा न्यायचा?" मी म्हटलं. "रिक्षात बसत नाही."

"फरीदाबादला कशाला?" पप्पा माझ्याकडे न बघता सुतळी गुंडाळत होते. "मी काल स्टेशनवर जाऊन विचारून आलोय. गार्डच्या डब्यात नेता येतो. स्टेशनपर्यंत आई त्याला मांडीवर घेऊन बसेल. इंजेक्शनचं कार्ड लागतं. कुठाय ते?"

"माझ्याकडे. फ्लॅटवर."

"मग उभी काय राहिलीस? मेट्रो पकड. उद्या दुपारची गाडी आहे."

मी चपला घातल्या आणि निघाले.