ओरिनचे मासे आणि रस्त्यावरची नळी

ओरिन टिबेट्सचे मासे जन्मात कधी ओले झाले नव्हते. नेवाडातल्या ड्राय वेल्स गावापासून एकोणीस मैल आत, मीठ फुटलेल्या कोरड्या तळ्याच्या काठावर, दोनशे अकरा मासे लोखंडी नळांच्या टोकांवर पोहत होते. अंगाला मोटारींच्या चाकांवरच्या चकचकीत टोप्यांचे खवले, पाठीला बंपरचा कणा, डोळ्यांच्या जागी दिव्यांच्या काचा. वारा फिरला की सगळे एकदम तोंड फिरवत, मास्तर वर्गात शिरल्यावर पोरं फिरवतात तसे. त्यातला सर्वांत मोठा बावीस फूट लांब. त्याला ओरिन ‘आजोबा’ म्हणे.

ओरिन स्वतः त्र्याहत्तर वर्षांचा. सगळा जन्म जिप्समच्या खाणीत पाण्याचा टँकर चालवण्यात गेलेला. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारायचं, ते वाळलं की पुन्हा मारायचं. “एकतीस वर्षं पाणी घातलं, पण गवताची काडी उगवली नाही,” असं तो सांगे, आणि वर हसे. खाण बंद पडली, बाकीचे लोक शहरात पांगले. हा मात्र आपली पत्र्याची खोली, वेल्डिंगचं यंत्र आणि भंगाराचा ढीग घेऊन तिथेच राहिला.

आता इतक्या आडरानात बघायला येणार कोण? पण लोक येत. दिवसाला दोन-तीन गाड्या तरी लागत. वाळवंटात कुणी बाटल्यांचं घर बांधलंय, कुणी जुन्या चपलांचं झाड केलंय, हे कानावर आलं की खाणंपिणं बांधून निघणाऱ्यांची एक जातच असते. जपानातून एक निवृत्त टपालवाला आला होता. त्याने घरच्या मोटारीच्या चाकाची टोपी सामानातून आणली होती, माशाला लावण्यासाठी. विमानतळावर ती तीनदा उघडून तपासली म्हणे. एका जोडप्याने अंगणातल्या रिकाम्या बाथटबात बसून डबा खाल्ला आणि वहीत लिहिलं, ‘आयुष्यातलं सर्वोत्तम जेवण.’ डब्यात नुसतं ब्रेड आणि चीज होतं.

ही वही फाटकाजवळच्या टपालपेटीत असे. आलेल्या प्रत्येकाने नाव, गाव आणि दोन शब्द लिहायचे, एवढाच दर.

आणि येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी. मासेच का?

ओरिनकडे उत्तरांचा तुटवडा नव्हता. शिक्षिका आली तर सांगे, “बारा हजार वर्षांपूर्वी इथे तळं होतं, बाई. मी जरा उशिरा पोचलो.” पाद्री आला तर स्वप्न पडलेलं असे. नवं लग्न झालेल्यांना पैज हरल्याची कथा मिळे, आणि एका मासेमाराला तर त्याने थंडपणे सांगितलं होतं, “यांना वास येत नाही म्हणून.” एक उत्तर दुसऱ्यांदा द्यायचं नाही हा त्याचा नेम होता. खरं उत्तर त्याने आजवर कुणालाच दिलं नव्हतं.

तर त्या वर्षी, मार्चमध्ये, जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. ड्राय वेल्सहून येणारा तो मातीचा रस्ता वर्षातून दोनदा ग्रेडर फिरवून सपाट करत असत. न केला तर चार महिन्यांत त्याचा पन्हाळी पत्रा होई, आणि एका पावसात मधला ओढा तो खाऊन टाकी. पत्रात लिहिलं होतं की चौदा दिवस गाड्या मोजल्या जातील. दिवसाला सरासरी दहा गाड्या निघाल्या नाहीत तर ग्रेडर बंद.

ग्रेडर बंद म्हणजे रस्ता बंद, आणि रस्ता बंद म्हणजे मासे आणि ओरिन, दोघंच एकमेकांची तोंडं बघत बसणार.

मोजणीचं यंत्र घेऊन कर्टिस योमन्स आला. हा जिल्ह्याचा रस्त्यांचा माणूस, अबोल आणि सरळ. त्याने ओरिनच्या फाटकापासून दोन मैलांवर, जुन्या पाण्याच्या टाकीपाशी, रस्त्यावर काळी रबरी नळी आडवी ठोकली आणि तिचं टोक एका पेटीत घातलं. चाकांच्या दोन जोड्या नळीवरून गेल्या की पेटी एक गाडी धरी.

“तुमची गाडीही धरली जाईल बरं का, ओरिन,” कर्टिस म्हणाला. “दिवसातून चार खेपा मारल्यात तरी नियमात बसतं.”

“आपल्याच लग्नात आपणच टाळ्या वाजवायच्या?” ओरिन म्हणाला. त्याने आपला ट्रक खोलीमागे लावला, किल्ली खिळ्याला अडकवली आणि चौदा दिवसांसाठी घेवड्याचे डबे मोजून फळीवर मांडले.

आता वाळवंटात एक आहे, गाडी दिसायच्या आधी तिची धूळ दिसते. पहिल्या सकाळी ओरिन कॉफीचा मग घेऊन दारात बसला, तर टाकीच्या पलीकडे धुळीची शेपटी उठलेली. तो उठला, शर्ट बदलला, वहीला नवी पेन्सिल बांधली. शेपटी टाकीपर्यंत आली, थबकली आणि मागे वळली. तेवढ्यात दुसरी आली. तीही वळली. दुपारपर्यंत त्याने वीस शेपट्या मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही. एवढी माणसं येतात, टाकीच्या उंचवट्यावरून त्याचे मासे बघतात आणि परत जातात. पहिला मासा उभा केल्यापासून बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. आधी त्याला वाटलं, आत गेलं तर तिकीट पडेल असा लोकांचा समज होत असेल. म्हणून त्याने मोठी पाटी लावली, ‘फुकट आहे.’ तरी शेपट्या वळतच राहिल्या.

पाचव्या दिवशी नॉर्वेचं एक वयस्क जोडपं मात्र आत आलं. ओरिनने त्यांना खुर्च्या दिल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “रस्त्यावर गर्दी आहे का हो?”

“टाकीपाशी एक बाई होती ट्रकमध्ये,” नवरा म्हणाला. “आम्हाला छान हात केला आणि तिथूनच मागे वळली.”

“काही बोलली?”

“नाही. थोडी घाईत दिसली.”

त्या दिवशी ‘मासेच का’ला त्याने उत्तर दिलं, “आता मलाही कळेनासं झालंय.” जोडप्याला ते फार खोल वाटलं, त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

मग त्याने दोष शोधायला घेतला. लांबून काय दिसतं? आजोबा दिसतो. बावीस फूट, जबडा उघडा, त्यात नांगराच्या फाळांचे दात. घाबरत असतील लोक. नवव्या दिवशी त्याने साखळी आणि कप्पी लावून आजोबाला खाली उतरवलं आणि खोलीमागे ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. दहाव्या दिवशी शेपट्या आणखी वाढल्या. त्यांतली एक तर पाऊण तास टाकीपाशीच गोल फिरत होती. ओरिनने खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसला.

चौदा दिवस संपले. कर्टिसने पेटी उचलली आणि आकडा बघून टोपी मागे सरकवली. “जिल्ह्याच्या मंडळापुढे मांडतो,” एवढंच म्हणाला.

मंडळाची बैठक त्या गुरुवारी सकाळी, जिल्ह्याच्या गावी. ओरिन वही काखेत मारून गेला. खोलीत ड्राय वेल्सची बरीच मंडळी बसलेली बघून त्याला नवल वाटलं. नाक्यावर खाणावळ चालवणारी लव्हॉन ग्रिस्क होती. मेंढ्या पाळणारा मार्टिन एचेबेरी होता, ज्याचा आजोबा स्पेनमधल्या बास्कांच्या मुलखातून अमेरिकेत येऊन मेंढ्यांमागे चालत चालत इथवर पोचला होता. कुणीही ओरिनकडे सरळ बघत नव्हतं.

अध्यक्षा हॉलबर्गबाईंनी चष्मा लावला. “टाकीचा रस्ता. चौदा दिवसांत दोन हजार नऊशे चौदा गाड्या.” त्यांनी कागद खालीवर करून पाहिला. “दिवसाला दोनशे आठ. मिस्टर टिबेट्स, अभिनंदन. पण यात एक अडचण आहे. एवढ्या वाहतुकीला मातीचा रस्ता चालत नाही, नियमाने डांबरी लागतो. डांबराची तरतूद पुढची दहा वर्षं नाही. तोवर रस्त्याला फाटक लावून तो बंद करावा लागेल.”

खोलीत कुणीतरी खोकलं. घ्या, म्हणजे दहापेक्षा कमी गाड्या निघाल्या तरी मरण, आणि दोनशे झाल्या तरी मरण.

ओरिन उठला. वही टेबलावर ठेवली. “बाई, एवढी माणसं माझ्याकडे आली नाहीत. चौदा दिवसांत सदतीस आली. यात नावं आहेत. एक कुत्रासुद्धा आहे, त्याचा पंजा आहे.”

“मग बाकीचे?”

ओरिनने टोपी हातात फिरवली. हे वाक्य त्याला चार माणसांत बोलायचं नव्हतं. “बाकीचे टाकीपर्यंत आले. लांबून बघितलं आणि परत गेले. आवडलं नसेल. हजारोंनी आले, आणि कुणालाच आवडलं नाही. तेव्हा गर्दी म्हणून रस्ता बंद करू नका. आत येणारे तेवढे सदतीसच आहेत.”

मागच्या रांगेत खुर्ची करकरली.

“अरे म्हाताऱ्या,” लव्हॉन म्हणाली, “ती गर्दी म्हणजे मी होते.”

ओरिन वळला.

“रोज नळीवरून वीस फेऱ्या. नाश्त्याची गर्दी सरली की निघायची, टाकीपाशी थोडं पुढे, थोडं मागे करत वीस भरवायची आणि घरी वळायची. तुझा रस्ता राहावा म्हणून. नॉर्वेवाल्यांना हात केला तीही मीच.”

“फक्त तू नाहीस,” मार्टिन एचेबेरी म्हणाला. तो उठला नाही, पण कान लाल झाले होते. “मी मेंढ्यांचा ट्रेलर लावून जायचो. चार जोड्या चाकं, एका फेरीत दोन गाड्या पडतात. शिवाय सहाशे मेंढ्यापण नेल्या एकदा.”

“मेंढीच्या पायाने नळी दबत नाही,” कर्टिस कोपऱ्यातून म्हणाला.

“माझ्या मेंढ्यांच्या दबते.”

मग एकेक हात वर होऊ लागला. टपालाची बाई, पेट्रोलपंपावरचा माणूस, दोन निवृत्त मास्तर. एकूण अकरा. आणि यातल्या एकालाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता; वाटेत गाडी दिसली तरी तो आपल्या कामाने निघालाय असंच प्रत्येक जण धरून चाले. त्या मुलखाची रीतच तशी. कुणाची गाडी वाळूत रुतली तर ओढून काढतील, पण नाव सांगणार नाहीत. मदत केली म्हणून बोलून दाखवणं म्हणजे तिथे दुसऱ्याच्या ताटात डोकावण्यासारखं. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच करतोय, म्हणून प्रत्येकाने जरा जास्तच केलं.

“एवढं आला होतात तर पुढचे दोन मैल का नाही आलात?” ओरिनने विचारलं.

“आले असते तर तुला कळलं असतं ना,” लव्हॉन म्हणाली, जणू हे शेंबड्या पोरालाही कळावं.

ओरिन मटकन खुर्चीत बसला. कर्टिस नंतर सांगायचा की त्याचा चेहरा असा दिसत होता, जणू त्याला तीन हजार माणसांनी एकदम माफ केलं.

हॉलबर्गबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ही मोजणी रद्द,” त्या म्हणाल्या. “कर्टिस, फेरमोजणी कधी?”

“पेटी एकच आहे, बाई. उद्यापासून उत्तरेच्या रस्त्यांवर जाते. याचा नंबर परत यायला सहा वर्षं.”

“आणि तोवर?”

“फेरमोजणीपर्यंत आहे तसंच चालू. नियम आहे. वर्षातून दोन ग्रेडर.”

“मग नियमाने चालू द्या,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा कागद घेतला. तो कुणाच्या तरी भटक्या गाढवांचा होता.

रविवारी ओरिनने आजोबाला परत वर चढवलं. साखळी ओढायला मार्टिन होता, खालून सूचना द्यायला लव्हॉन. या दोघांनी चौदा दिवसांत हजारभर मैल गाडी हाणली होती, पण फाटकाच्या आत बावीस वर्षांत पहिल्यांदाच येत होते. जवळची गोष्ट बघायची राहून जाते, त्यातलीच गत. लव्हॉनने पॅनकेक आणले होते, मार्टिनने मटणाच्या रश्श्याचं भांडं. तिघं बाथटबाच्या कडेवर बसून जेवले. वारा फिरला आणि दोनशे अकरा मासे एकदम वळले.

“एक सांग,” लव्हॉन बोट चाटत म्हणाली. “मासेच का?”

ओरिनने तोंड उघडलं. बाराव्या शतकातला एक खलाशी त्याच्या जिभेवर तयार होता. मग त्याने तो गिळला.

“खरं सांगू? पहिला मी कोंबडा करायला घेतला होता. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवायला लावतात ना, तसला. तंगड्या काही जमेनात, शेपूट भलतीकडेच लागलं. बायको तेव्हा होती, ती बाहेर आली आणि म्हणाली, मासा झकास झालाय. मी म्हटलं, हो, मासाच केलाय. मग तो एकटा वाईट दिसे, म्हणून दुसरा केला.”

आपल्याकडे गणपती करायला जातात आणि मारुती होतो, तसलाच हा प्रकार. पण लव्हॉनने त्याच्याकडे बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं.

“थापा नको मारू,” ती म्हणाली. “तळ्याची गोष्ट बरी होती.”

“मीपण तीच ऐकलेली,” मार्टिन म्हणाला. “बारा हजार वर्षं. तीच राहू दे.”

ओरिन पोट धरून हसला. जाताना त्याने दोघांना फाटकापाशी अडवलं, पेटीतून वही काढली आणि पेन्सिल पुढे केली. फुकट असलं तरी दर तो दर. मार्टिनने नाव लिहिलं आणि खाली नोंद केली, ‘मेंढ्यांच्या दबते.’ लव्हॉनने वही हातावर आडवी धरून पुन्हा एकदा सगळ्या माशांकडे बघून घेतलं.

संध्याकाळी ओरिनने उघडून वाचलं. तिने लिहिलं होतं, ‘कोंबडे पाहिले. माना जरा आखूड आहेत, पण एकूण बरे.’