मामू आणि चार पायांची वाम

मासा कापण्याआधी मामू त्याची माफी मागायचा. "माफ कर रे बाबा, पोटाची आग आहे," असं म्हणूनच तो सुरी चालवायचा. तो माझ्या आईचा चुलतभाऊ, दाभोळ खाडीकाठचा. साठच्या दशकात दुबईजवळच्या एका तेल कंपनीच्या कॅम्पात तो खानसामा होता, मी कारकून. माझं ऐकून सगळा कॅम्प, अगदी पठाण ड्रायव्हरसुद्धा, त्याला मामूच म्हणे.

मामू घाबरायचा तो एकाच जीवाला. आमच्या अमेरिकन साहेबानं आपल्या गावच्या दलदलीतून तो आणला होता आणि काचेच्या टाकीत ठेवला होता. काळाकुळकुळीत, हातापेक्षा लांब, थेट वाम माशासारखा. पण त्याला चार पाय होते, आगकाडीएवढे. साहेब कौतुकानं सांगे, हा चिखलातल्या बिळात राहतो. डबकं आटलं की तिथंच दडून पाण्याची वाट बघतो. मामू मला हळूच म्हणाला, "पाय दिले, पण चालायला नाय दिलं. असला जीव घरात ठेवू नये रे."

उन्हाळ्यात साहेब रजेवर निघाला. जाताना म्हणाला ते मीच मामूला मराठीत सांगितलं: मी येईपर्यंत हा जगला, तर तुझ्या लतीफला कंपनीत नोकरी. लतीफ, मामूचा एकुलता एक, गावी रिकामा बसला होता. "इन्शाल्ला," मामू म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याचं हसणंच गेलं.

जुलैत कॅम्पातली विहीर खारटली. गोडं पाणी लांबून, गाढवांवरून यायचं आणि माणशी वाटून मिळायचं. मामूनं विचार केला, आपली वाम खाडीत राहते, नदीतही राहते. मग हिला काय होतंय? त्यानं टाकीत खाडीचं पाणी ओतलं. जनावर पिळवटू लागलं, अंगावर पांढरा फेस आला. "खलास! पोराची नोकरी गेली!" असं ओरडत मामूनं टाकी उपसली आणि स्वतःच्या वाट्याचं गोडं पाणी तिच्यात रिकामं केलं. जनावर वाचलं.

तेव्हापासून त्याच्या वाट्याचं पाणी रोज टाकीत जाऊ लागलं. मामू विहिरीचं प्यायचा. मी चिडलो, हातापाया पडलो, माझ्या वाट्यातलं पाणी देऊ केलं. "मला सवय होईल रे. त्याला नाय होणार," एवढंच त्याचं उत्तर. एका दुपारी तो चुलीपुढेच कोसळला, तो उठलाच नाही. आम्ही त्याला तिथल्याच वाळूत दफन केलं.

साहेब परतला, रडला आणि शब्दाला जागला. हिवाळ्यात लतीफ बोटीनं आला. बाप उन्हानं गेला, एवढंच त्याला ठाऊक होतं. स्वयंपाक येत नव्हता, म्हणून साहेबानं त्याला टाकीची कामगिरी दिली. तो वाकून बघत होता. काळं डोकं संथपणे वर आलं.

"भाई, ह्याला पाणी कुठलं घालायचं?"

"गोडं," मी म्हणालो.