मामांची पागा

जगातल्या प्रत्येक वस्तूला पाठ असते आणि ती थोपटल्याशिवाय वस्तू नीट चालत नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे. ते माझ्या बायकोचे मामा. घोडदळात रिसालदार होते, आणि तेही रणगाड्यांच्या नव्हे, चार पायांच्या खऱ्याखुऱ्या घोड्यांच्या. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली, तरी मामा मनानं अजून खोगिरावरून उतरलेले नाहीत. आमच्या आकुर्डीच्या घरी आले की फ्रिज थोपटतात, मिक्सर थोपटतात. एकदा माझी स्कूटर सुरू होईना, तर आरशापाशी तोंड नेऊन ते काहीतरी पुटपुटले आणि ती सुरू झाली. मी तिला रोज लाथ मारतो हे कळल्यावर मात्र आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. घोड्यावर डावीकडून बसतात, म्हणून मामा जीपमध्येही डावीकडूनच चढतात. स्वतः चालवायची असली तरी डाव्या दारानं शिरतात आणि गिअरच्या दांड्यावरून सरकत सरकत स्टिअरिंगपाशी पोचतात.

माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. वरातीची घोडी सजून आली, मी फेटा सावरत पाय उचलला, तेवढ्यात मामा उकिडवे बसून तिचे खूर तपासू लागले. मागच्या पायाचा नाल सैल निघाला. "जावईबापू, पायी चला. हिचा पाय दुखतोय," ते म्हणाले. मी बँडच्या मागून चालत मांडवात गेलो आणि घोडी माझ्या शेजारून तोऱ्यात आली. लग्नाच्या व्हिडिओत नवरा कोणता, हे आमच्या मुलांना अजून सांगावं लागतं.

चाकणला कंपन्या येऊ लागल्या तेव्हा गावातल्या लोकांनी खानावळी काढल्या, भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या. मामांनी फोर्कलिफ्ट शिकवायची शाळा काढली. पुढे दोन लोखंडी सुळे असलेली, मालाच्या पेट्या उचलणारी ही गाडी तोवर तिकडे लोक बघून बघूनच शिकत आणि अधूनमधून एखादी भिंत पाडत. "याची कुठं शाळा असती व्हय?" म्हणून गाव हसलं. मामांनी एक जुनी बॅटरीवरची गाडी आणली, पत्र्याची शेड उभारली आणि दारावर झोकात रंगवून घेतलं, 'पागा'. शिकायला येणाऱ्यानं पहिले तीन दिवस गाडीवर बसायचंच नाही. ती पुसायची, तेलपाणी बघायचं, चाक न् चाक हातानं चाचपायचं. "जनावर आधी, मग जवान," हा त्यांचा कायदा. गाडी चार्ज झाल्याशिवाय ते स्वतः जेवत नाहीत. एकदा दिवसभर वीज नव्हती, तेव्हा मामी डबा घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या आणि शेवटी मामांना सोडून सगळ्या फौजेचा उद्धार करून घरी गेल्या.

पुरुषांची शाळा बरी चालली. मग मामांनी त्या भागात कुणी केलं नव्हतं ते केलं. सहा बायकांना शिकवायला घेतलं. त्यांतली सुनीता लातूरकडची. एका कँटीनमध्ये चपात्या लाटून लाटून तिची मनगटं सुजली होती. सहाही जणी तयार झाल्या, पण एकही कंपनी त्यांना दारात उभं करेना. अखेर एका कंपनीचा मॅनेजर म्हणाला, एकीची परीक्षा घेतो. ती पास झाली तर सहाही जणींना कामावर घेतो, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मामांनी सुनीताला पुढे केलं. मी फॉर्म भरायला सोबत होतो.

दहा मिनिटांत चार पेट्या फळीवर लावायच्या होत्या. कंपनीची गाडी समोर उभी होती. सुनीता तिच्यावर बसण्याऐवजी भोवती फिरू लागली. चाकं चाचपली, साखळ्या पाहिल्या. सात मिनिटं गेली. मॅनेजर घड्याळ बघत होता, फाटकाशी बाकीच्या पाचजणी उभ्या होत्या. सुनीतानं सुळ्यांमागच्या नळीला बोट लावलं आणि ते वर धरलं.

"सर, तेल गळायलंय. म्या न्हाई बसायची."

"अहो, थोडं गळतंच. सगळे रोज चालवतात. बसा, नाहीतर नापास लिहितो."

तिनं मामांकडे पाहिलं. खरं सांगतो, तिनं बसावं असं मला फार वाटत होतं. तीन मिनिटांचा तर प्रश्न होता. मामांनी नुसती मान हलवली असती तरी ती बसली असती. मामा गप्प राहिले.

"मंग नापास लिहा," सुनीता म्हणाली.

मामांनी टाचा जुळवल्या आणि तिला कडक सॅल्यूट ठोकला.

चार दिवसांनी मॅनेजर स्वतः पागेत आला. ती नळी माल उचलताना फुटली होती. पेटी खाली आली, पण सुदैवानं जवळ कुणी नव्हतं. त्यानं सुनीताची परीक्षा पुन्हा घेतली आणि या खेपेला घड्याळ लावलं नाही. आज त्या सहाही जणी तिथं कामाला आहेत.

त्या कामावर रुजू झाल्या त्या दिवशी मी पेढे घेऊन पागेत गेलो. मामा एकटेच बसले होते. मी विचारलं, "मामा, त्या दिवशी भीती नाही वाटली? सहाजणींचं नशीब टांगलेलं होतं."

"वाटली की," ते म्हणाले. "चांदणी म्हणून घोडी हुती माझी. परेडच्या सकाळी लंगडत हुती. साहेबाला सांगितलं, तर म्हणाला, बसा. बसलो. परेड संपायच्या आत पडली ती, परत उठली न्हाई. 'न्हाई साहेब' एवढंच म्हणायचं हुतं. मला जमलं न्हाई. त्या पोरीला जमलं."

इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो घोड्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, ही कधीच सांगितली नव्हती. मी पेढ्याचा बॉक्स पुढे केला.

"त्या पोरीला दिला का?" त्यांनी विचारलं.

दिला नव्हता. मग आम्ही दोघं जीपनं कंपनीच्या फाटकासमोर जाऊन थांबलो. शिफ्ट सुटायला अजून अर्धा तास होता. बॉक्स मामांच्या मांडीवर होता आणि त्यांची नजर फाटकावर.

"चांदणीला गूळ लई आवडायचा," ते म्हणाले.