पाचवा झेंडा

"साडेअकरा. मिनिटभरही इकडेतिकडे नाही," मुलगी म्हणाली. "नाहीतर हे बूट मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकीन."

"शर्यत बारापर्यंत चालते गं."

"शर्यत चालू दे. तू साडेअकराला बाहेर. साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुला तर सहासष्टावं लागलंय."

मास्तरबाईंनी बुटाची नाडी आवळली. गेल्या वर्षी त्या याच जंगलात पाच तास हरवल्या होत्या. ते पाच तास मुलीने गाडीपाशी उभं राहून काढले होते.

चाळीस वर्षं त्यांनी गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतलं. कटिंग मास्तर. निवृत्तीनंतरही नाव चिकटून राहिलं. ओरिएंटियरिंगचं वेड साठीनंतरचं. हातात नकाशा आणि होकायंत्र. जंगलात ठेवलेले झेंडे क्रमाने गाठायचे, प्रत्येकापाशी बोटातली चिप टेकवायची. वाट आपली आपण काढायची. धाप लागली की नकाशा डोक्यात शिरत नाही. म्हणून वर्षभर त्या रोज आठ मजले चढल्या, नकाशा वाचत.

"मास्तरबाई, पाचवा मजला सापडला का?" शेजारी विचारायचे.

"सापडला असता, तुम्ही मध्ये उभे आहात."

पहिले चार झेंडे सरळ मिळाले. पाचवा एका घळीत होता. उजवीकडे ओढा, डावीकडे मोठा खडक, खडकामागे झेंडा. ओढा दिसला. खडक दिसला. झेंडाही दिसला. त्यांनी बोट पुढे केलं आणि थांबल्या.

झेंड्यावर सत्तेचाळीस लिहिलं होतं. नकाशावर त्यांच्या पाचव्या झेंड्याचा खूण-क्रमांक होता एकेचाळीस.

गेल्या वर्षी असंच झालं होतं. तेव्हा त्या नकाशालाच चूक ठरवून पुढे पळत सुटल्या होत्या. पुढे, आणखी पुढे. आता त्या जागच्या हलल्या नाहीत. नकाशा होकायंत्राशी जुळवला. बोट मागे मागे नेलं, पक्क्या ठाऊक असलेल्या जागेपर्यंत. दगडी बांध. तिथून त्या हव्या त्या घळीच्या अलीकडच्याच घळीत उतरल्या होत्या. दोन्ही घळी जुळ्या बहिणींसारख्या. खरी घळ पलीकडे, मध्ये उभा चढ.

अकरा वाजून चार मिनिटं.

चढून एकेचाळीस गाठायचा आणि उरलेले तीन करून परतायचं, तर पस्तीस मिनिटं. म्हणजे अकरा एकोणचाळीस. शर्यतीत बसत होतं. मुलीच्या वेळेत नाही. पाचवा सोडला तर वेळेत पोचता येत होतं, पण निकालातून नाव बाद.

त्या चढाकडे बघत राहिल्या. आयुष्यात एकही गणवेश त्यांनी अर्धा बेतून टेबलावर सोडला नव्हता. पाय चढाच्या दिशेला वळलेसुद्धा. दोन पावलं, तीन. मग डोळ्यांसमोर गाडी आली आणि गाडीपाशी उभी असलेली मुलगी.

"मेले तुझे साडेअकरा," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि सहाव्याकडे पळाल्या.

गुडघा ठणकत होता. सहावा. सातवा. आठव्यापाशी त्या घसरल्या, तळहात सोलला. घड्याळ बघायचं धाडस झालं नाही.

शेवटच्या रेषेपाशी मुलगी उभी होती. तिच्या हातात फोन होता, शोधपथकाचा नंबर काढून ठेवलेला. आईला बघून तिने तो हळूच खाली केला. अकरा अठ्ठावीस.

वेळ नोंदणाऱ्या माणसाने चिप यंत्रात घातली. चिठ्ठी बाहेर आली. "काकू, पाचवा राहिलाय. बाद धरावं लागेल."

"माहितीये."

मुलीने चिठ्ठी ओढून घेतली, वाचली, पुन्हा वाचली. "सापडला नाही?"

"सापडला होता. म्हणजे कुठे आहे ते कळलं होतं."

"मग?"

मास्तरबाई बूट सोडत होत्या. मान वर केली नाही. "साडेअकरा म्हणाली होतीस ना."

मुलीने चिठ्ठीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. खाली बसून आईचा सोललेला तळहात हातात घेतला, त्यातला एक खडा नखाने काढला.

"पुढच्या वेळी बारापर्यंत," ती म्हणाली. "पण बारा म्हणजे बारा."