पालीच्या पायऱ्यांवरचा उघडा कॅमेरा

इकडं सरक, अशी जवळ बस, आणि मधेच फोनकडं बघू नकोस. "आत्या, त्यांना एका शब्दानं सावध करायला काय झालं होतं?" असं मलाच विचारतेस? भाची माझी आणि वकिली त्या फोटोवाल्याची. आधी ऐकून घे, मग न्याय कर.

कडेगावातला आमचा फोटो स्टुडिओ आमचे मालक, तुझे आतोबा, वारल्यावर मीच चालवला. शिकवायला कोण होतं, चुकत चुकत शिकले. माधवनगरच्या एका घरची तर दोन पिढ्यांची लग्नं आमच्याच कॅमेऱ्यानं बघितलेली. तिथं मला घरची म्हणून पहिल्या पंगतीला बसवत.

त्याच घरच्या थोरल्या नातवाच्या लग्नात व्हिडिओसाठी दुसरा फोटोवाला आला. मालकांचा जुना दोस्त, गळ्यात नवाकोरा मिररलेस कॅमेरा. माझा डीएसएलआर जडशीळ, बटण दाबलं की आतला आरसा खटकन उचलायचा. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका चाललेल्या, मी दोन-चार फोटो घेतले, तर हा सगळ्या व्याह्यांदेखत म्हणाला, "वैनी, ह्यो डबा आता मोडीत घाला. भटजीपेक्षा ह्योच जास्त वाजतोय."

लोक हसले. लोकांचं काही नाही गं. पण नवरदेवाची आई, जिच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो मालकांनी काढलेले, तीही पदर तोंडाला लावून हसली. दुपारी म्हणाली, पालीच्या खंडोबाला जोडी न्यायची आहे, तिथले फोटो ते काढतील, तुम्ही आपल्या सोबतीला चला. सोबतीला. त्या घरातली माझी जागा तेवढ्या एका शब्दात गेली.

दुसऱ्या दिवशी उठले ती सांगलीला, कॅमेरे दुरुस्त करतो त्याच्याकडं. म्हटलं, ह्या मिररलेसच्या पोटात काय आहे ते दाखव. त्यानं उघडून दाखवलं. आरसाच नाही. माझ्या डब्यात भिंग काढलं तरी पुढं आरसा, मागं पडदा. ह्यात भिंग काढलं की जिच्यावर फोटो उमटतो ती काच सरळ उघडी. तिला बोट म्हणून लावायचं नाही, असं त्यानं दोनदा बजावलं.

पालीला गेलो. नवऱ्यानं नवरीला उचललं, पायऱ्या चढायला लागला, आणि सगळ्यांनी भंडारा उधळला. हवा पिवळीधम्मक. मी माझा डबा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फक्त भिंग बाहेर ठेवलेलं. ह्या फोटोवाल्याला मोठा देखावा घ्यायचा होता, म्हणून त्यानं तिथंच, पायरीवर, भिंग बदलायला काढलं. कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडं. "भावजी" म्हणून हाक ओठापर्यंत आली होती माझ्या. ती गिळली. पदर सारखा केला आणि बघत राहिले.

त्यानं आत डोकावलं. पिवळं दिसलं. आणि त्याचा हात आपोआप गेला बघ: बोटाचं टोक आत टेकवलं आणि कपाळाला लावलं. देवाचा भंडारा दिसला की आपला हात असाच जातो. कपाळावर टिळा आणि काचेवर घामाच्या बोटानं पसरलेली हळद. उन्हात कॅमेऱ्यामागच्या छोट्या स्क्रीनवर त्याला काही दिसलं नाही. घरी संगणकावर लावले तेव्हा दिसलं, प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग, उभ्या फोटोंत तर थेट नवरीच्या तोंडावर.

नवरदेवाच्या आईचा मला फोन आला. आवाज मऊ. अल्बममध्ये पालीचे फोटो सगळे माझे गेले. तो बाजारात भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "वैनी, तुमी बघत हुता न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले, "बघत हुते."

खोटं कशाला बोलू, कॅमेऱ्याबद्दल तो चुकीचा नव्हता. मोतीबिंदू झाला, मानही धरली, मलाही ते जड धूड झेपेना, दिवाळीला मीही मिररलेस घेतला. मानेचं दुखणं गेलं, नवरीच्या डोळ्यावर नेम तो आपणहून धरतो. पहिल्याच लग्नात मुद्दाम ह्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले आणि मंगलाष्टकांत चाळीस फोटो काढले. आवाज शून्य. त्यानं वळून बघितलं. लय गार वाटलं.

देवाच्या दारात गप्प बसले, ते पाप असेल. देवाला घ्यायचं ते देव माझ्याकडून घेईल. पश्चात्ताप मात्र शोधूनही सापडत नाही.

माधवनगरच्या त्या घरी पुढच्या सोप्यात, पाहुणे बसतात तिथं, आता मी काढलेला फोटो मोठ्या फ्रेममध्ये लावलाय, नवरा पायरीवर, नवरी हातांवर, भोवती भंडारा. तो फोटोवाला त्यांच्याकडं गेला की त्याला त्याच फ्रेमखाली चहा देतात. तुला तिथं नेऊन बसवायचंय. ऊसतोड संपायच्या आत दोन दिवस काढ, आणि पुन्हा लवकर ये गं.