सां-मालोची नवी घरं

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी जर्मनीत आखनला शिकत होतो, तेव्हा एका सुट्टीत जर्मन वर्गमित्राच्या गाडीतून आम्ही फ्रान्समधलं सां-मालो पाहायला गेलो. समुद्राकाठचं, दगडी तटबंदीचं जुनं गाव. मला फ्रेंच येत नव्हतं, त्याला येत होतं. तटावर एक वयस्कर बाई विणत बसल्या होत्या. ही घरं किती शतकांची असतील, असं मी त्यांना मित्राकरवी विचारलं.

त्या हसल्या. मित्रानं सांगितलं, "त्या म्हणतात, बहुतेक घरं तुझ्याहून वयानं लहान आहेत. दुसऱ्या महायुद्धात गाव जळलं, ते पुन्हा तसंच बांधलं."

मग त्यांनी आम्ही कुठले ते विचारलं. मी भारताचं नाव घेतलं. मित्र स्वतःबद्दल म्हणाला, "बेल्जियम." तेवढं मला समजलं आणि मी गोंधळलो. बाईंनी सरकून आम्हा दोघांना शेजारी बसायला जागा दिली.

गाडीत मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"वडील युद्धात जर्मन सैन्यात होते, इथेच," तो म्हणाला. "गाव सुंदर आहे, एवढंच सांगायचे. जळल्याचं कधी बोलले नाहीत."

त्याची समजूत घालावी की त्याच्यावर रागवावं, मला ठरवता येईना. नकाशा माझ्या मांडीवर होता. त्याच विचारात आखनपर्यंत मी त्याला एकदोनदा चुकीचा रस्ता सांगितला.