यातला स्नायूंचा कोणता?

प्रयोगशाळेत बरण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. बरण्यांवर निदान चिठ्ठ्या तरी असतात! यवतमाळच्या आमच्या कॉलेजात मी नवखी डेमॉन्स्ट्रेटर. घंटा वाजली तरी दचकायची. शिकवायला सर, आणि बाकी सगळ्याला हमीदचाचा, आमचे लॅब अटेंडंट.

एकदा सर सांगत होते, "प्रोटीन म्हणजे लांबलचक साखळी. तिची घडी पडते जशी, तिचं काम तसं."

मागून चाचा म्हणाले, "बराबर हाय. कपडा एकच. कमरेले गुंडाळला का लुंगी, डोक्याले गुंडाळला का फेटा!"

"चाचा, उद्याचा तास तुम्हीच घ्या!"

"घेतो ना. झाडू तुम्ही मारा!"

तोंडी परीक्षेत सरांनी पांढरकवड्याच्या एका पोराला विचारलं, "रक्तातलं हिमोग्लोबिन आणि स्नायूंतलं मायोग्लोबिन, यांचं नातं काय?"

"चुलतभाऊ, सर."

"कशावरून?"

"घडी एकसारखी, अन् धंदाबी एकच. दोघंबी ऑक्सिजनची हमाली करतात!"

सर इतके हसले की पुढचा प्रश्नच विसरले.

मग सरांनी या दोघांची मॉडेलं करायला सांगितली. चाचांनी जिनिंगमधून कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या आणून वाकवल्या. हिमोग्लोबिनचे चार तुकडे, मायोग्लोबिनचा एक. प्रत्येकात ऑक्सिजनसाठी एक खिसा. वर्गात मी ऐटीत म्हटलं, "ऑक्सिजन बसतो तो इथे." बोट घातलं, आणि बिडी बाहेर आली! मी किंचाळलेच.

"रिकामाच व्हता बाई खिसा," चाचा म्हणाले.

आणि मग ती तपासणी. नागपूरहून साहेब आले. त्यांच्यासमोर माझा तास. जमला तर नोकरी पक्की. नाही तर परत घाटंजीला, बाबांनी शोधून ठेवलेल्या स्थळापुढे. साहेब नुसते खोकले. मी दचकले, कोपर लागलं, आणि पाचही तुकडे फरशीवर!

साहेबांनी चष्मा सावरला. "आता सांगा, यातला स्नायूंचा कोणता?"

मी पाचही फिरवून फिरवून पाहिले. "साहेब... मला नाही ओळखता येत."

"वाः! हेच तर! साखळीतले मणी वेगळे, तरी घडी तीच, म्हणून काम तेच. प्रामाणिक उत्तर!" त्यांनी शेऱ्यात 'उत्तम' लिहिलं. नोकरी पक्की!

साहेब गेल्यावर मी चाचांना विचारलं, "तुम्हीच केलेत ना? तुम्हाला तरी ओळखता येतो का हो?"

"मले कसा येईन? स्नायूचा केलाच नाही ना! पाचही रक्ताचेच हायत. सरच म्हणे घडी एक हाय, मंग दुसरा साचा कायले करू?"